नुसता ठेवलेला हात

सरोजताईंच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, "त्यांच्या हातात जादू होती." लोकांनी माना हलवल्या. माझ्या मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच बोललं, "आन मग येडगावच्या हौसाबाईचं काय झालं?" पुढं जादू, मागं हौसाबाई आणि मधल्या रांगेत मी. मला उठून दोघांचीही कॉलर धरावीशी वाटली.

दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. सरोजताईंच्या हातात जादू नव्हती. मानेतला कुठला मणका कुठं अडतो, कुठला स्नायू कशासाठी आखडून बसतो, हे त्या रीतसर शिकल्या होत्या आणि जन्मभर शिकत राहिल्या. आणि हौसाबाईची मान त्यांनी मोडली नाही. त्या दिवशी त्यांनी तिच्या मानेला हातच लावला नव्हता. पुढचं सगळं दुःख त्या हात न लावण्यातून निघालं. ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी लिहितोय. मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात मागणी असते, निषेध असतो, खाली सह्या असतात. हे पत्रक नाही. यात मागणी कुणाकडे करायची ते मला अजून कळलेलं नाही.

नारायणगावच्या पेठेत त्यांच्या भावाचं, प्रकाशशेठचं, कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते पणजोबांच्या काळातलं. सरोजताई माझ्यापेक्षा बरं मराठी बोलायच्या आणि भांडताना तर हमखास. लग्न केलं नाही. पुण्याला फिजिओथेरपी शिकून आल्या आणि दुकानाच्या माडीवर दवाखाना थाटला. ज्याला जिना चढता येईल तो वर जायचा. ज्याला चढता यायचा नाही, त्याला खाली दुकानातल्या गादीवरच आडवं करायच्या. गिऱ्हाईक साडीचा पदर बघतंय आणि शेजारी राजुरीचे एखादे आजोबा पालथे पडून कण्हतायत, हे दृश्य त्या दुकानात कुणाला नवीन नव्हतं. प्रकाशशेठ वैतागून म्हणायचे, "सरोज, लोकांना वाटतं आमची साडी नेसली की कंबर धरते!"

शिवाय दुकानातले टॉवेल गायब व्हायचे. मान वळत नसेल तर टॉवेल मानेमागून घ्यायचा, दोन्ही टोकं धरायची, अडलेल्या जागी त्याची कड बसवायची आणि तिच्या आधारानं मान हळूहळू वळवायची, हा व्यायाम त्या प्रत्येकाला शिकवायच्या आणि टॉवेल तसाच त्याच्या खांद्यावर टाकून द्यायच्या. आमच्या तालुक्यात एके काळी निम्म्या घरांत एकाच काठाचे टॉवेल होते, ते यामुळे.

लोक त्यांना 'मानेच्या बाई' म्हणायचे. कंबर, गुडघे, खांदे सगळंच बघायच्या, पण आमच्याकडं माना जास्त दुखतात. का दुखतात ते सांगतो. द्राक्षाच्या मांडवाखाली बाया दिवसभर मान वर करून, हात डोक्यावर धरून उभ्या असतात. घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे, त्याला विरळणी म्हणतात. परदेशात जाणारा घड टपोरा दिसावा म्हणून इथं बाईनं आठवडेच्या आठवडे आभाळाकडं बघत राहायचं. उरलेल्या दिवसांत डोक्यावर गवताचा भारा, नाहीतर टोमॅटोचं क्रेट. मी हे सभांमधून ओरडून सांगतो. सरोजताई ओरडायच्या नाहीत. त्या मानेला हात लावून सांगायच्या, "ही डावीकडची मांडवाची. ही उजवीकडची क्रेटची."

मी पहिल्यांदा गेलो तो सहीसाठी. सरकारी दवाखान्यात मजुरांच्या हाडासांध्यांसाठी कायमचं माणूस नेमा, अशी आमच्या शेतमजूर संघटनेची मागणी होती. त्यांनी कागदाकडं पाहिलंच नाही.

"सही करते. पण तुम्ही तिरपे का उभे आहात? मागणीच तशी आहे का?"

मान परवापासून धरलीय, म्हटलं.

"घोषणा देताना मान वर, मोबाईल बघताना मान खाली. सरळ समोर कधी बघता, पुढारी?"

तेव्हापासून मी पुढारी. शेवटपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

त्यांची पद्धत मी त्या दिवशी अंगावर अनुभवली. आधी प्रश्न. मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडते का, चक्कर येते का, चालताना तोल जातो का. मग थर्मासमधल्या गरम पाण्यानं हात धुतले, पुसले आणि थोडा वेळ चहाच्या स्टीलच्या पेल्याभोवती धरून ठेवले. आमच्याकडची थंडी बोचरी. "हात गार असला तर मान आधी घाबरते," त्या म्हणाल्या. "घाबरलेल्या मानेशी बोलता येत नाही." मग मला उताणं झोपवून डोक्याशी बसल्या. दोन्ही तळवे डोक्याखाली, बोटांची टोकं कवटी जिथं मानेला मिळते तिथं. आणि काहीच नाही. दाबणं नाही, चोळणं नाही.

"डोकं माझ्या हातात टाका."

"टाकलंय."

"नाही टाकलेलं. अजून तुम्हीच धरलंय. सोडा, मी पळवून नेत नाही."

बऱ्याच वेळानं केव्हातरी माझ्या डोक्याचं वजन माझ्याकडून त्यांच्याकडं गेलं. मला ते कळलं, कारण डोळ्यांत पाणी आलं आणि कारण काहीच नव्हतं. मग त्यांनी डोकं जरासं स्वतःकडं ओढलं, इतकं जरासं, की ओढलं की भास झाला ते सांगता येऊ नये. मग म्हणाल्या, "आता डोकं उजवीकडं माझ्या हातावर ढकला. माशी हाकलायला लागतो त्याहून कमी जोर. बस. आता सोडा." सोडल्यावर मान बोटभर पुढं वळली. परत ढकला, परत सोडा. परत बोटभर. अखेर मला खिडकीतला लिंब दिसला. परवापासून दिसला नव्हता.

पेशंटबरोबर आलेली लेक किंवा सून विचारायची, "घरी कशी दाबू ओ?" उत्तर ठरलेलं असायचं. "दाबायचं नाही. हात नुसता ठेवायचा. कुठं जायचंय ते मानच सांगते."

लोकांना मात्र आवाज हवा असतो. सलूनमध्ये दाढी झाली की डोक्याला झटका देऊन मान कडकन वाजवायची, ही आमच्याकडची जुनी चैन. बाजाराच्या दिवशी माना मोडून देणारे वेगळेच. आवाज आला नाही तर माणसाला उपचार झाल्यासारखं वाटत नाही. महाळुंगे पडवळचे एक म्हातारबाबा होते. चार-पाच वेळा येऊन मान मोकळी झाली, पण चेहरा पडलेला.

"काय बाबा, अजून दुखतंय?"

"दुखत न्हाई. पर बाई, आवाज कधी काडनार?"

"आवाज नसतो यात."

"मंग माजा पावना म्हनतो, ह्ये काय खरं न्हाई. त्येची मान लई भारी वाजिवली व्हती एकानं."

सरोजताईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. डब्यातला पापड काढला, बाबांच्या कानाशी नेला आणि कडाकडा मोडला. "आला आवाज. दोन्ही बाजूंनी आला. आता पावण्याला जाऊन सांगा." म्हातारा इतका हसला, की त्याला परत झोपवावं लागलं. वर म्हणाला, "ऱ्हायलेला पापड द्या की, आवाज माज्याच मानंचा हाय."

तो डबा म्हणजे त्यांचं रात्रीचं जेवण. सूर्य मावळल्यावर त्या खात नसत. आणि पेशंट तर शेतावरून सुटून तिन्हीसांजेलाच यायचे. म्हणून पश्चिमेच्या खिडकीशी उभ्या राहून, एक डोळा उन्हाकडं ठेवून त्या चार घास खायच्या आणि पुन्हा हात धुवायच्या. पर्युषणातल्या उपासांतही दवाखाना चालू. मी एकदा म्हणालो, "धर्म पाळता तेवढी विश्रांतीही पाळा." म्हणाल्या, "तुमच्या संघटनेत विश्रांती पाळतात का?"

हौसाबाई त्याच माडीवरची नेहमीची पेशंट. येडगावची, बायांच्या टोळीची मुकादम. तिच्या टोळीशिवाय आसपासच्या बागांची विरळणी व्हायची नाही. जीभ कात्रीपेक्षा धारदार. सरोजताई तिला हौसाक्का म्हणायच्या. वर्षानुवर्षं हंगामात तिची मान आखडायची आणि वर्षानुवर्षं त्या ती सोडवायच्या. हौसाक्का टेबलावर आडवी झाली की माडीवरची रांग कान टवकारून बसायची.

"ताई, तुमच्यात मुंगी सुदीक मारत न्हाईत. आन माझी मान मोडता व्हय?"

"मुंगी निमूट पडते. तू पडतेस का?"

"म्या निमूट पडले तर टोळी बोंबलंल. बागवाला तर नाचंल."

एकदा सरोजताई चिडल्या. हौसाक्कावर नाही. "मी मान सोडवते आणि ती परत त्याच मांडवात जाऊन अडकते. मी काय नळ गळतोय आणि फरशी पुसत बसलेय?" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून हौसाक्काच्या टोळीबरोबर सकाळभर मांडवाखाली कात्री घेऊन उभ्या राहिल्या. मग बागवाल्याकडं गेल्या. त्याच्याही खांद्यावर त्यांनी कधीतरी टॉवेल टाकलेला होता. भांडल्या नाहीत. एवढंच मागितलं, की दर थोड्या वेळानं बायांनी हात खाली घेऊन बसायचं, हनुवटी छातीकडं न्यायची, मातीकडं बघायचं, पाणी प्यायचं. तो हो म्हणाला. टोळीनं त्या विसाव्याचं नाव ठेवलं, माती बघायची सुट्टी. त्या हंगामात येडगावच्या बाया जिना चढून फारशा आल्या नाहीत.

पुढच्या हंगामात काम उक्तं झालं. जेवढी झाडं उरकतील तेवढी मजुरी. सुट्टी कुणी बंद केली नाही, बायांनीच सोडून दिली. हौसाक्काच म्हणाली, "मातीकडं बघत बसलं तर मातीच खावी लागंल, ताई." मी तेव्हा संतापलो. अजून संतापतो. ज्यात शोषण करणाऱ्याला तोंडही उघडावं लागत नाही, ती व्यवस्था सगळ्यात वाईट. सरोजताई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. आता जिन्यातून बाजूला व्हा, पेशंट वर येतायत."

मध्यंतरी बिबट्याच्या भीतीनं बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. बिबट्या मानेवर झेपावतो म्हणून वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले. तसा पट्टा घातलेली एक तरुण पोरगी माडीवर आली. मान वळेना. सरोजताईंनी पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पुढारी, हिच्या स्नायूंना काहीही झालेलं नाही. ही दिवसभर मागं कुणी आहे का ते ऐकत असते. ऐकणारी मान अशी ताठ होते. याला माझ्याकडं हात नाही." तरी हात ठेवलाच. पोरगी झोपून गेली. तिला उठवायचं नाही म्हणून त्यांनी पुढचा पेशंट खाली दुकानात नेला.

आता तो दिवस. मी तिथं होतो, म्हणून सांगू शकतो.

हंगाम संपत आला होता. माडी भरलेली. हौसाक्का आली ती भिंतीला धरून, मागं तिचा भाचा. तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती, हेच आधी खटकायला हवं होतं. म्हणाली, कात्री हातातून गळती. पोलक्याच्या हुका लागत न्हाईत. चालताना पाय कापसावर पडल्यागत वाटतं. आन मान लई धरलीय, तेवढी सोडवा.

सरोजताईंचा चेहरा उतरला. त्यांनी छोट्या हातोडीनं तिचे गुडघे, कोपर तपासले. पाय नको तेवढा उडाला. हाताचं मधलं बोट टिचकीनं तपासलं. मग त्या उठल्या आणि चक्क एक पाऊल मागं सरल्या. ही खूण त्यांना पाठ होती. मानेतल्या मज्जारज्जूवर दाब आला, की तिथं कुणीही हात चालवायचा नाही, झटका तर नाहीच, थेट मोठ्या डॉक्टरकडं पाठवायचं. त्यांनी तिच्या गळ्यात कॉलर बांधली, तिथल्या तिथं पुण्याच्या ओळखीच्या सर्जनना फोन लावला आणि फोन कानाशी असतानाच म्हणाल्या, "हौसाक्का, आज मी हात लावणार नाही. उद्या सकाळी पुणे. मी पण येते. घरी जाऊन पडून राहा."

यात एक शब्द चुकीचा नव्हता. कुठल्याही पुस्तकात हेच सापडेल.

पण हौसाक्कानं पुस्तक वाचलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की ज्या बाईनं आजवर तिच्या मानेवरून हात काढला नाही, ती सगळ्यांसमोर मागं सरली. तिनं त्याचे दोनच अर्थ लावले. एकतर आपलं संपलं. नाहीतर आपल्याला काहीतरी असं झालंय, की शिवायलाही नको. आमच्याकडच्या गरीब बाईला न शिवण्याचे अर्थ शिकवावे लागत नाहीत. त्या अर्थांवर मी एरवी सभा गाजवतो. त्या दिवशी ते माझ्यासमोर घडलं आणि मलाही दिसलं नाही, कारण मीही फोनकडंच बघत होतो.

ती जिना उतरली. खाली प्रकाशशेठनी रिक्षा बोलावली, तीत बसली. वाटेत कॉलर काढून टाकली. तिचा भाचा म्हणाला, मावशे, मानेची बाई हात लावत न्हाई तर लावनारा दुसरा हाय की. बाजाराचा दिवस होता. माना मोडून देणारा माणूस पोतं अंथरून बसलेला होता. त्यानं हनुवटी धरली, डोकं धरलं आणि झटका दिला. आवाज आला म्हणतात. हौसाक्का त्या पोत्यावर आडवी झाली, ती आपल्या पायांनी उठली नाही.

पुण्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला. पाय गेले. डावा हात गेला. उजवा कोपरात थोडा वाकायचा, बोटं अर्धवट मिटायची.

मी पत्रक लिहायला घेतलं. त्या माणसाचा धंदा बंद करा, त्याला अटक करा, असं सगळं. सरोजताईंना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"छापा," म्हणाल्या. "त्याला सोडू नका. पण ती त्याच्याकडं का गेली, ते तुमच्या पत्रकात नाही."

"अज्ञान, ताई. दुसरं काय?"

"अज्ञान तिचं नाही. मला तिच्या मानेला हात लावायचा नव्हता. खांद्याला लावता आला असता. तिचा हात हातात घेऊन सांगता आलं असतं. मी फोनवर बोलत बोलत सांगितलं. मी बरोबर होते, पुढारी. बरोबर असण्याचा तिला काय उपयोग झाला?"

मी म्हणालो, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणालो. त्या हात धुवायला निघून गेल्या.

त्यानंतर माडीवर एक रीत सुरू झाली. कुणाला उपचार नाकारायचा असेल, पुढं पाठवायचं असेल, तर त्या फोन बाजूला ठेवायच्या, स्टूल ओढून पेशंटच्या पुढ्यात बसायच्या, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायच्या आणि मग बोलायच्या. रांग कितीही असो. पण गावात तोवर दोन बोलणी पसरली होती. मानेच्या बाईनं हौसाला टाकलं, हे एक. मानेच्या बाईनंच मोडली, हे दुसरं. सरोजताईंनी दोन्हींपैकी एकही खोडलं नाही. मी खोडत फिरायचो. कुणी ऐकायचं नाही. लोकांना गोष्ट लागते आणि खरी गोष्ट सांगायला वेळ लागतो.

दर रविवारी त्या स्कूटीवरून येडगावला जायला लागल्या. धरणाच्या अंगाला वस्ती, पत्र्याचं घर, बाहेर पडवीत हौसाक्काची खाट. पाय घोट्यातून, गुडघ्यातून, खुब्यातून हलवायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. कूस बदलायची, पाठ तपासायची, सुनेला शिकवायचं. शेवटी डोक्याशी बसायचं आणि डोक्याखाली दोन्ही तळवे नुसते ठेवायचे. मानेत आता स्क्रू होते, तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ठेवायच्या.

पहिल्या रविवारी हौसाक्का बोलली नाही. तिला तोंड फिरवायचं होतं, पण मान फिरत नव्हती. म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. सरोजताईंनी काम केलं, हात धुतले आणि निघाल्या. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. सून ओशाळून म्हणायची, "ताई, त्यांचं मनावर घेऊ नका." सरोजताई म्हणायच्या, "तिनं घ्यावं. तिचं मन आहे." पावसाळा गेला. सीताफळं येऊन गेली. रविवारी त्या गेल्या नाहीत असं झालं नाही आणि हौसाक्कानं डोळे उघडले असं झालं नाही.

मग थंडी पडली. एका रविवारी त्या धुक्यातून स्कूटी चालवत आल्या. मी संघटनेच्या कामानं त्याच वस्तीवर होतो, म्हणून मला ते पाहायला मिळालं. थर्मास घरी विसरला होता. घाईनं डोक्याशी बसल्या आणि तळवे खाली सरकवले. हौसाक्का डोळे मिटूनच म्हणाली,

"हात गार हायेत तुमचे."

सरोजताईंनी हात काढून घेतले.

"काडता कशापायी? चूल पेटलीय. शेकून या."

त्या उठल्या. चुलीपुढं उकिडव्या बसल्या. हात जाळावर धरले आणि रडल्या. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायची सोय होती, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत. पडवीतून आवाज आला, "शेकलं का न्हाई आजून? का हात भाजून घेता?"

त्यानंतर दोघी पुन्हा भांडू लागल्या. हौसाक्का खाटेवरूनच टोळी हाकायची. बाया सकाळी कामावर जाताना पडवीशी थांबून शिव्या खाऊन जायच्या. माती बघायची सुट्टी तिनं पुन्हा सुरू करायला लावली. म्हणाली, "माझ्याकडं बघा आन ठरवा." बाया बसू लागल्या. किती दिवस टिकेल कुणास ठाऊक.

आणि मग सरोजताई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा पसरलेलं. ज्या बाईनं इतरांच्या खुणा एका टिचकीत ओळखल्या, तिनं स्वतःच्या खुणा उपासावर ढकलल्या. औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली. दवाखाना बंद झाला. प्रकाशशेठनी पाटी काढली नाही, अजून काढलेली नाही. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "पुढारी, आता मला गार, गरम कळत नाही." बाकी कशाचीही तक्रार त्यांनी माझ्याकडं केली नाही.

शेवटचं पाहिलं ते एका रविवारी. प्रकाशशेठनी स्कूटीची किल्ली लपवली होती. सरोजताईंनी मला फोन केला, "मोटारसायकल घेऊन या. भावाला सांगू नका." मी भावाला सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "हळू न्या."

माझ्यामागं त्यांचं वजन जाणवत नव्हतं. दोन-तीनदा मी हात मागं नेऊन त्या आहेत ना ते बघितलं.

पडवीत पोचल्यावर त्यांनी नेहमीसारखे हात धुतले. पाणी गरम आहे का, ते सुनेला विचारावं लागलं. हौसाक्काचा पाय उचलायला गेल्या, तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा केलं, तेव्हाही नाही. मी पुढं झालो तर हातानं थांबवलं. मग पाय तसाच ठेवून त्या खाटेच्या कडेला जमिनीवर बसल्या. दम लागला होता. हौसाक्का वर पत्र्याकडं बघत होती, तिला दुसरीकडं बघता येतच नाही.

"बसल्या का?"

"बसले गं."

"जवळ सरका. हिकडं, उजव्या अंगाला. डोकं टेका."

सरोजताईंनी खाटेच्या कडेला डोकं टेकलं. हौसाक्काचा उजवा हात गोधडीवर पडलेला होता. तो हलायला लागला. कोपरातून वाकला, थांबला, परत वाकला. अर्धी मिटलेली बोटं गोधडीवरून घासत घासत सरकली. सुनेनं मदत करायला हात पुढं केला, तर हौसाक्का खेकसली, "तू ऱ्हाऊ दे." खूप वेळ लागला. अखेर तो हात सरोजताईंच्या मानेवर, केसांच्या खाली येऊन पडला.

"दाबू नकोस," सरोजताई डोळे मिटून म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या.

"दाबाया जोर हाय व्हय? नुसता ठिवलाय."

मी हेल्मेट हातात धरून पडवीच्या कडेला उभा होतो. थोड्या वेळानं हौसाक्कानंच विचारलं,

"टाकलं का डोकं?"

"टाकलंय."

"न्हाई. आजून तुमीच धरलंय."